एक खोली, दोन विहिणी आणि माझी पटकथा

माणूस काय बोलणार हे मला तो बोलायच्या आधी कळतं. यात बढाई मारण्यासारखं काही नाही, माझा तो धंदाच आहे. मी पटकथा लिहितो. सुताराला लाकूड कळतं तसा मला माणूस कळतो. बसमध्ये समोरच्या बाकावर नवराबायको बसले, की दोन थांब्यांच्या आत मी सांगू शकतो त्यांचं कशावरून बिनसलंय ते. एकदा मी तसं एका जोडप्याला सांगितलंही होतं. ते नवराबायको नव्हते, पण बिनसलं मात्र तिथल्या तिथे! मला माझ्या थांब्याच्या अलीकडेच बसमधून उतरावं लागलं.

अशा माणसाला निर्मातीबाई म्हणाल्या, "तुम्हाला माणसं लिहिता येत नाहीत."

बाईंचं ऑफिस एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. तिथे तीन खुर्च्या आहेत आणि त्यांतली डुगडुगणारी लेखकासाठी राखून ठेवलेली आहे. मी तोल सांभाळत बसलो होतो. बाई माझी पटकथा पुढ्यात घेऊन गरम पाणी पीत होत्या. बापामागे राहिलेल्या दुकानाची आणि दोन बहिणींची ती कथा होती.

"हे वाचा," बाई म्हणाल्या. "ताई, दुकान तूच घे. नाही गं, तूच घे. अगं पण तू मोठी. पण तू धाकटी. पान उलटलं तरी तेच! हे काय आहे?"

"संयत नाट्य," मी म्हणालो.

"प्रेक्षक म्हणेल, घ्या बाई कुणीतरी ते दुकान आणि आम्हाला घरी सोडा! अहो, संघर्ष कुठाय?"

"आतल्या आत आहे."

"मग बाहेर काढा की!" बाईंनी पेला ठेवला. "सोपं असतं हो. एकच वस्तू दोघींना हवी असू दे. ती आपल्यालाच मिळणार असं दोघींना वेगवेगळं, गुपचूप कळू दे. मग दोघींना एका टेबलाशी बसवा आणि तुम्ही बाजूला व्हा. माणसं आपोआप कळतात."

मी मान डोलावली. खुर्चीही डोलली.

"सोमवारी संध्याकाळी नवीन दृश्यं घेऊन या. नाहीतर मी हे त्या केसवाल्याला देते."

केसवाला म्हणजे माझ्याच धंद्यातला एक. केस खांद्यापर्यंत, आणि प्रत्येक पटकथेत कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर ताट फेकतं. निर्मात्यांना तो आवडतो, कारण ताटं स्वस्त पडतात. माझा हा पहिलाच चित्रपट होता. तो हातचा गेला असता तर मी परत कोंबड्यांच्या खाद्याच्या जाहिराती लिहायला बसलो असतो. त्या मी सहा वर्षं लिहिल्या आहेत. कोंबड्यांमध्येही संघर्ष नसतो.

घरी येताना माझ्या लक्षात आलं की दोष माझा नाही, घराचा आहे. आमच्याकडे कुणी भांडतच नाही! बायको दातांची डॉक्टर. दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलून बोलून, आपण बोलत असताना समोरचा गप्प असतो हे ती धरूनच चालते. मीही तिचा अपेक्षाभंग करत नाही. आई शिवणकाम करते. मनाविरुद्ध काही झालं की ती चकार शब्द काढत नाही, नुसती मशीन जोरात चालवते. अशा घरात राहून लेखकाने संघर्ष आणायचा तरी कुठून?

आणि इथे मला ती अफलातून कल्पना सुचली. अफलातून हा शब्द मी तेव्हा वापरला होता.

आमच्याकडे मागे एक खोली आहे. मोठी खिडकी, भरपूर उजेड, रस्त्याचा आवाज नाही. मी तिथे लिहितो. आईची खोली इतकी लहान, की ती पलंगावर एक पाय ठेवून मशीन चालवते. तिचा त्या मागच्या खोलीवर केव्हापासून डोळा आहे. ती तसं म्हणत नाही, फक्त आत आली की खिडकीकडे बघून सुस्कारा टाकते. त्यातच सासूबाईंच्या इमारतीचा जिना दुरुस्तीला काढलेला, त्यामुळे रविवारी त्या काही महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला येणार होत्या. त्यांच्यासाठी बैठकीत पलंग टाकायचं ठरलं होतं. सासूबाई म्हणजे शाळेतल्या कवायतीच्या निवृत्त बाई, आणि त्यांच्याजवळ पंधरावीस कुंड्या. कुंड्यांना खिडकी लागते.

एक वस्तू, आणि ती हवी असलेल्या दोघी. टेबल घरात होतंच.

मी आईकडे गेलो. "आई, मागची खोली तुला देऊन टाकतो. मशीन तिकडे ने. फक्त रविवारपर्यंत कुणाला बोलू नकोस."

आईने मशीन थांबवली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग उठून माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप नाही," ती म्हणाली. "मग तू कुठे लिहिणार?"

"माझं काय गं, मी कुठेही लिहीन!"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना फोन केला. "मागची खोली तुमची बरं का. खिडकी मोठी आहे, कुंड्या सगळ्या आणा. पण आत्ताच कुणाला सांगू नका."

पलीकडे शांतता. सासूबाई गप्प बसल्याचं मी लग्नानंतर प्रथमच ऐकत होतो.

"जावईबापू," शेवटी त्या म्हणाल्या, "मला काय बोलावं ते सुचत नाहीये हो."

मी फोन ठेवला आणि हात चोळले. रविवारी दुपारी आमच्या घरात स्फोट होणार, मी तो जसाच्या तसा उतरवून घेणार, आणि सोमवारी केसवाल्याचे केस पिकणार! संध्याकाळी मी उघड सांगून टाकणार होतो की गंमत केली, आणि सगळे हसणार होते. ही सगळी पात्रं मला आतून-बाहेरून ठाऊक होती.

रविवार आला. एका पेशंटची दाढ नेमकी सकाळीच ठणकली म्हणून बायको दवाखान्यात गेली. हे बरंच झालं. मेहुण्याचा टेम्पो आहे, त्यातून तो सासूबाईंना आणि कुंड्यांना घेऊन आला. मेहुणा फार बोलत नाही. "उतरवू का?" एवढं विचारून तो कुंड्या वर आणायला लागला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

मी टेबल मांडलं. काचेच्या बश्या उचलून आधीच कपाटात ठेवल्या आणि स्टीलच्या काढल्या. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो फळांच्या टोपलीमागे उभा केला. दोघी समोरासमोर बसल्या. जेवण निम्म्यावर आल्यावर मी सहज सुचल्यासारखं म्हणालो, "बरं, त्या मागच्या खोलीचं काय?" आणि बाईंनी सांगितलं होतं तसा बाजूला झालो.

"ती खोली ना," दोघी एकदम म्हणाल्या.

दोघी थांबल्या. एकमेकींकडे पाहिलं.

"बोला ना, विहीणबाई," आई म्हणाली.

"छे छे, तुम्ही बोला."

"काही नाही हो, यानं ती मला दिली होती मशीनसाठी. पण तुम्हीच राहा तिथे."

"अगंबाई! मला पण जावईबापूंनी दिली होती. पण तुमचं शिवणकाम आधी. मी काय, कुठेही पडेन."

"कुठेही का पडाल? तुमच्या कुंड्यांना उजेड नको?"

"कुंड्यांचं काय एवढं! तुमच्या डोळ्यांना जास्त हवा उजेड. या वयात जपायला हवं."

"माझे डोळे अजून छान आहेत. सुई मी चष्म्याशिवाय ओवते. तुमचे गुडघेच कुरकुरतात ना? त्या खोलीतून बाथरूम जवळ पडेल."

"गुडघे? मी अजून रोज उठाबशा काढते हो. घ्या तुम्हीच."

"नाही, तुम्हीच घ्या."

मी भिंतीला टेकलो. ही तर माझीच पटकथा होती! तीही न सुधारलेली! दोन बायका 'तूच घे, तूच घे' करत होत्या आणि टोपलीमागे माझी बॅटरी संपत होती. मग माझं लक्ष हातांकडे गेलं. आई काकडी चिरत होती, ती आता चिरून चिरून किसासारखी झाली होती. सासूबाईंनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. म्हणजे आत काहीतरी होतं. फक्त वर येत नव्हतं. एवढ्या जवळ येऊन ते बुडून जाणार, या विचाराने मला राहवलं नाही. मी मध्ये पडलो.

"अगं आई, पण तुला तर ती खोली केव्हापासून हवी होती ना?"

सुरी थांबली. "मला? मी मागितली होती कधी?"

"मीसुद्धा मागितली नव्हती हो," सासूबाई ताठ बसल्या. "माझ्यामुळे कुणाची जागा जात असेल तर मला नको. मी जाते आपली परत."

"परत जाल? तुमच्याकडे जिना नाही! आणि लोक काय म्हणतील, विहिणीने दारातून हाकललं? त्यापेक्षा मीच जाते माझ्या बहिणीकडे."

"तुम्ही का जाल? घर तुमचं. मीच जाते!"

"पाहुणं माणूस उपाशी गेलेलं मला चालणार नाही. मीच जाते!"

"मी जेवलेय पोटभर! चल रे, उचल कुंड्या!"

हे शेवटचं मेहुण्याला होतं. तो नुकता शेवटची कुंडी घेऊन वर आला होता. त्याने कुंडीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि निमूटपणे मागे वळला. आई आत जाऊन पिशवी भरायला लागली. तिचं पाहून सासूबाईंनी सोडलेली पिशवी परत भरली. दोघींत आता शर्यत लागली होती, आधी घराबाहेर कोण पडतं याची! मी दोघींच्या मधोमध "मी काय म्हणतो", "मी काय म्हणतो" करत होतो. काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

"विहीणबाई, थांबा, मी पुढे होते."

"नाही, मी पुढे!"

"ठेवू की नेऊ?" मेहुण्याने जिन्यातून विचारलं. "एकदाच काय ते सांगा."

नेमकी तेव्हा बायको दारात आली. समोर दोन पिशव्या, दोन आया, कुंडीमागे भाऊ आणि हातात स्टीलची बशी घेतलेला नवरा.

"कोण चाललंय?" तिने विचारलं.

"मी," दोघी म्हणाल्या.

"का?"

दोघी एकदम बोलल्या. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ती एक खोली तुम्हा दोघींना कुणी दिली?"

दोघींच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि फळांची टोपली वाजायला लागली.

मी झेप घेतली, पण मेहुणा जवळ होता. त्याचा एक हात मोकळा होता. त्याने फोन उचलला, आणि कुंडीमुळे कानाला लावता येईना म्हणून स्पीकर चालू केला.

"काय हो, जुंपली का दोघींची?" निर्मातीबाईंचा आवाज खणखणीत आहे. "मी सांगितलं तसं दोघींना गुपचूप वेगवेगळं सांगितलंत ना? एका टेबलाशी बसवलंत? आणि हे बघा, निदान एकीला तरी रडवा! ठेवते."

बाई बिचाऱ्या पटकथेतल्या बहिणींबद्दल विचारत होत्या. पण हे आता कुणाला सांगणार, आणि सांगून उपयोग काय होता? त्यांचं अक्षर न् अक्षर खरं होतं.

मला वाटलं आता ताटं उडणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सासूबाई पिशवी ठेवून खुर्चीवर बसल्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी सगळ्या मजल्याला सांगून आले, जावयाने स्वतःची लिहायची खोली दिली म्हणून. शेजारणीला मुद्दाम दार वाजवून सांगितलं. तिचा जावई तिला नुसते फोटो पाठवतो."

आईने पिशवीतून एक घडी काढून टेबलावर ठेवली. फिक्या हिरव्या रंगाचे पडदे होते. "खिडकीचं माप घेतलं होतं, तू बाहेर गेला होतास तेव्हा," ती म्हणाली. "रविवारी लावू म्हटलं."

मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. ती इतकी होती, की फोन आल्यावर रेकॉर्डिंग बंद पडलं असणार आणि सगळ्यात चांगलं दृश्य हातचं गेलं, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मग मी जे काय होतं ते सगळं सांगून टाकलं. सोमवार, केसवाला, कोंबड्या, सगळं.

बायको शांतपणे ऐकत होती. दाढ काढायची की ठेवायची हे ठरवताना ती अशीच बघते.

"खोली दोघींची," ती म्हणाली. "टेबल बाहेर."

मेहुणा खूश झाला. इतक्या वेळाने त्याला एक सरळ काम मिळालं होतं. माझं टेबल पॅसेजमध्ये आलं, एका बाजूला चपलांचं कपाट, दुसऱ्या बाजूला बाथरूमचं दार. खोलीत मशीन खिडकीशी गेली, कुंड्या ओळीत उभ्या राहिल्या, ती ओळ सासूबाईंनी दोनदा सरळ करून घेतली. पडदे लावले तर कुंड्यांना ऊन लागणार नाही, म्हणून आईने तिथल्या तिथे पडदे निम्मे कापले. दोघी माझ्याविषयी हळू आवाजात बोलत होत्या आणि मधूनच हसत होत्या. घरात इतका एकोपा मी कधी पाहिला नव्हता.

मी पॅसेजमध्ये लिहायला बसलो. दुकान सोडलं, बहिणी सोडल्या. दोन विहिणी, एक खोली आणि दोघींना गुपचूप शब्द देणारा एक जावई. जसं घडलं तसं उतरवत गेलो. बाथरूमला जाणारा प्रत्येक माणूस माझ्या खांद्यावरून वाचूनच पुढे जायचा.

"मी गुडघ्यांचं आधी काढलं नव्हतं," आई म्हणाली. "डोळ्यांचं त्यांनी आधी काढलं."

"तसंच लिहिलंय गं."

थोड्या वेळाने सासूबाई आल्या. "जावईबापू, तुमच्या आईला इथे सात वाक्यं आहेत. मला पाच."

"त्या जरा जास्त बोलल्या होत्या."

"मी पण बोलले असते. मी मोठेपणा दाखवून गप्प बसले. ते दिसत नाही इथे."

खोलीतली मशीन बंद पडली. आई दारात आली. "गप्प कधी बसलात तुम्ही?"

"आणि प्रसंगाचा शेवट तुमच्या तोंडी का?"

"कारण शेवटचं मीच बोलले होते!"

"मी बोलले होते! 'उचल कुंड्या' कोण म्हणालं?"

"ते तुमच्या मुलाला! तो काय संवाद झाला?"

"मग काय 'पाहुणं माणूस उपाशी' हा संवाद झाला? मी दोनदा वाढून घेतलं होतं!"

"तेच म्हणते मी, दोनदा घेतलंत आणि वर माझी भाजी खारट म्हणालात!"

"म्हणाले नव्हते! पण होती!"

आणि अशा रीतीने, चपलांच्या कपाटाशी, आमच्या घरातलं पहिलं खणखणीत भांडण झालं! लग्नात कोण कुणाला बसा म्हणालं नव्हतं इथपासून सुरू झालं ते कुंडीतल्या मातीच्या वासापर्यंत गेलं. खालच्या मजल्यावरचे दोघे येऊन जिन्यात उभे राहिले. खोलीसाठी न भांडलेल्या दोघी पटकथेतल्या एका वाक्यासाठी इरेला पेटल्या होत्या. मी मान खाली घालून लिहीत होतो. माझा हात दुखायला लागला. शेवटी बायकोने दोघींना चहा दिला आणि दोघी तो घेऊन आपल्या खोलीत गेल्या. पाच मिनिटांत आतून पुन्हा हसण्याचा आवाज आला.

सोमवारी बाईंनी सगळं एका बैठकीत वाचलं. गरम पाणी गार झालं. दोनदा त्या इतक्या हसल्या की खालच्या दुकानातला माणूस वर येऊन बघून गेला.

"वा!" त्या म्हणाल्या. "या दोघी कसल्या जिवंत आहेत हो! वर 'तुम्हीच घ्या', आणि खाली सुऱ्या चालल्यात. ती दातांची डॉक्टर झकास. तो कुंडीवाला तर एका वाक्यात माणूस उभा करतो. मंजूर!"

मी खुर्चीतून पडता पडता वाचलो.

"फक्त हा जावई काढा."

"जावई? तो नायक आहे!"

"कसला नायक? बाकी प्रत्येकाला काहीतरी हवंय. कुणी हट्ट करतं, कुणी सोडून देतं. हा नुसता भिंतीला टेकून 'मी काय म्हणतो' करतो. स्वतःच्या आईला आणि सासूला असं झुंजवणारा, वर मोबाइल लावून बसणारा माणूस कुठे असतो का? प्रेक्षकाला पटायचं नाही."

"असतात एखादे," मी म्हणालो.

"नसतात हो. तुमची माणसं आता खरी वाटायला लागलीत, त्यात हा एकच खोटा."

"पण तो गेला तर खोली रिकामी कशी होणार?"

बाईंनी थोडा विचार केला. "वारलाय म्हणून दाखवा! पहिल्याच दृश्यात भिंतीवर फोटो. खोली त्याची, आता ती कुणाची, एवढाच प्रश्न. बघा, त्याच्याशिवाय सगळं कसं झरझर पुढे सरकतं!"

मी तिथेच बसून त्याला काढला. त्याची वाक्यं गेली आणि एकाही दृश्याला कुठे भोक पडलं नाही. उलट दोन ठिकाणी जे अडखळत होतं ते सुरळीत झालं. हे मला मान्य करावंच लागलं.

घरी आलो. दोघी खोलीत होत्या. आई मशीनवर, सासूबाई कुंड्यांपाशी, आणि बायको माझ्या जुन्या जागेवर पाय पसरून बसलेली.

"मंजूर झाली," मी दारातूनच सांगितलं.

मोठा आनंद झाला. आईने टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "आमची वाक्यं ठेवली ना सगळी?"

"सगळी. फक्त जावयाचं पात्र गेलं. तो सुरुवातीलाच वारलेला आहे."

आईने मशीन थांबवली. "असं अभद्र काय बोलतोस!" ती म्हणाली, आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग तिने खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, "पण मग ती खोली?"

"कायमची आपली की हो, विहीणबाई!" सासूबाई म्हणाल्या.

"खरंच की!" आईचा चेहरा उजळला. "मग तो कोपऱ्यातला खिळा काढू या. त्याचं कॅलेंडर आता कुणाला लागणार आहे?"

मी दारात उभा होतो. मी आहे, असं एकदा म्हणावंसं वाटलं. पण पटकथा मंजूर झाली होती, आणि मंजूर झालेल्या पटकथेत लेखकाने लुडबूड करायची नसते.